काडेपेटीएवढं मासिक

मंडळाच्या हस्तलिखितासाठी लिहिणाऱ्यांच्या यादीत माझं नाव दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. शाळेपासून माझ्या निबंधांत ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा माझ्या अक्षरांपेक्षा जास्त असायच्या. मी वहीत रोज लिहिते, पण ती वही गादीखाली असते. नेमकं तेव्हाच मी 'जेन एअर'साठी शार्लट ब्राँटेचं चरित्र वाचत होते.

शार्लटचा जन्म १८१६ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा. वडील हॉवर्थ गावचे पाद्री. (अँग्लिकन, म्हणून मुलंबाळं. आमच्या घरी हे सांगितल्यावर आधी हसू झालं.) ती पाच वर्षांची असताना आई गेली. १८२५ मध्ये दोन मोठ्या बहिणी बोर्डिंगच्या शाळेतून आजारी होऊन आल्या आणि गेल्या. उरली चौघं : शार्लट, भाऊ ब्रॅनवेल, एमिली, अ‍ॅन.

पुढच्या वर्षी वडिलांनी ब्रॅनवेलला लाकडी सैनिकांचा डबा आणला. मुलांनी एकेक सैनिक उचलला, नावं दिली, त्यांचं शहर वसवलं. मग शहराला मासिक नको? १८२९ मध्ये ब्रॅनवेलने ते सुरू केलं आणि थोड्याच महिन्यांत तेरा वर्षांच्या शार्लटने संपादकपद हातात घेतलं. वाचक सैनिक, म्हणून अंक त्यांच्या मापाचा, काडेपेटीएवढा. हाताशी येईल तो कागद, साखरेच्या पुड्याचासुद्धा, कापून सुईदोऱ्याने शिवायचा. अक्षर छापील वळणाचं, पण इतकं बारीक की मोठ्यांना वाचताच येऊ नये. गोष्टी, कविता, खोट्या जाहिराती, सगळं त्यात. हल्ली याला झीन म्हणतात.

मोठेपणी ती शाळेत शिक्षिका झाली. काम तिला मुळीच आवडत नव्हतं. तिथे तिने सुट्या कागदांवर रोजनिशीसारखं काहीबाही लिहिलंय, त्यातलं काही तर चक्क डोळे मिटून. ओळी वाकड्या झाल्या तर झाल्या, वर्गातल्या मुली दिसायला नकोत आणि आपलं कल्पनेतलं राज्य दिसावं, एवढंच. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि जरा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

एकदा तिने धीर करून राजकवी रॉबर्ट साउदीला कविता पाठवल्या. १८३७ मध्ये उत्तर आलं. साहित्य हा काही बाईच्या आयुष्याचा व्यवसाय नव्हे, असा त्याचा सूर होता. मला अजून राग येतो. पण त्याच पत्रात, नावाचा विचार न करता कवितेसाठीच कविता लिही, असंही त्याने सुचवलं होतं. ते मात्र मला पटतं, आणि पटतं याचाही राग येतो. शार्लटने नम्रपणे आभार मानले आणि लिहिणं चालूच ठेवलं.

१८४६ मध्ये तिघी बहिणींनी पुरुषी वाटतील अशा टोपणनावांनी, पदरचे पैसे घालून कविता छापल्या. वर्षभरात खपल्या दोन प्रती! पुढच्या वर्षी 'जेन एअर' आली आणि गाजली. पुढे आठ-नऊ महिन्यांच्या अंतरात ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन तिघंही गेली. एकेकाळी चौघांनी मिळून रचलेल्या त्या राज्यातली ती एकटी उरली, आणि तरी लिहीत राहिली. ('व्हिलेट'मध्ये आम्हा कॅथलिकांना तिने बरंच टोचलंय. ते मी सोडून दिलंय.) १८५४ मध्ये लग्न केलं, १८५५ मध्ये, एकोणचाळीस पुरी व्हायच्या आत, वारली.

२०१९ मध्ये तिच्या त्या छोट्या मासिकाचा एक अंक पॅरिसच्या लिलावात निघाला. हॉवर्थच्या घरात आता संग्रहालय आहे, त्यांनी तो सुमारे सहा लाख युरोंना घेतला.

काल रात्री मी एका ए-फोर कागदाच्या घड्या घालून आठ पानं केली आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. दुसऱ्या पानावर 'परीक्षा'तला 'री' ऱ्हस्व पडलाय. तसाच ठेवलाय.