वेग तिचा, दंडही तिचा

सिग्नलजवळ ट्रॅफिक पोलिसानं एखाद्या बाईची गाडी बाजूला घ्यायला लावली, की आजूबाजूचे लोक कसे बघतात, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पुरुषाला अडवलं तर चूक त्याची एकट्याची. बाईला अडवलं तर चूक समस्त बायकांची! अशा वेळी मला हमखास आठवते ती डोरोथी लेव्हिट. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लंडनच्या पोलिसांनी तिला अडवलं होतं, तेही गाडी नीट चालवता येत नाही म्हणून नव्हे, तर फारच जोरात चालवते म्हणून.

साल १९०३, महिना नोव्हेंबर. लंडनच्या हाइड पार्कमधून डोरोथीनं भरधाव गाडी नेली. वय वर्षं एकवीस. पोलिसांनी गाडी थांबवली आणि प्रकरण मार्लबरो स्ट्रीटच्या कोर्टात गेलं. बाईंचा वेग भयंकर होता, एवढंच सांगून पोलीस थांबले नाहीत. अडवल्यावर बाईंनी, सगळ्या पोलिसांच्या अंगावरून गाडी घालावीशी वाटते, असं सुनावल्याचंही त्यांनी कोर्टात सांगितलं. ती खरंच असं बोलली की पोलिसांनी तिखटमीठ लावलं, कोण जाणे. पण दंड झाला, ५ पौंड. त्या काळी साध्या कामगाराला एवढे पैसे कमवायला कितीतरी आठवडे राबावं लागे. वर्तमानपत्रांना तर मेजवानीच मिळाली. मोटार, पोलीस आणि त्यात देखणी तरुणी!

तेव्हाचे कायदे आज ऐकले तर हसू येतं. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्यानं यंत्राच्या गाडीला गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल एवढीच मुभा होती, आणि पुढं एक माणूस लाल निशाण घेऊन चालत असे. म्हणजे गाडीपेक्षा आपली पायी चालणारी आजी लवकर पोचली असती! १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थांना ताशी ८ मैल वेगानं गाडी नेल्याबद्दल दंड झाला. सायकलवरच्या पोलिसानं पाठलाग करून त्यांना पकडलं होतं. त्याच वर्षी कायदा सैल झाला आणि मर्यादा प्रत्यक्षात १२ मैलांवर आली. पुढे १९०३ चा मोटार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर, ही मर्यादा लागू झाली. गाडीला नंबर आला, चालवणाऱ्याला लायसन्स आलं. लायसन्सला ५ शिलिंग भरायचे, बस्स. परीक्षा वगैरे काही नाही!

या सगळ्या भानगडीत ही मुलगी आली कुठून? ती काही सरदार-दरकदारांची लेक नव्हती. लंडनच्या हॅकनी भागातल्या एका ज्यू कुटुंबात १८८२ मध्ये तिचा जन्म झाला. पाळण्यातलं नाव एलिझाबेथ लेव्ही. पुढं आडनावाचं लेव्हिट झालं आणि एलिझाबेथची डोरोथी. शिकून ती नेपिअर या मोटार कंपनीत टायपिंगच्या नोकरीला लागली. तिथं तिच्यावर नजर गेली सेल्विन एज यांची. एज हे नेपिअरच्या गाड्या विकणारे आणि स्वतः शर्यती मारणारे पट्टीचे ड्रायव्हर. १९०२ ची गॉर्डन बेनेट शर्यत त्यांनीच जिंकली होती. धंद्याचं गणित त्यांना चांगलं कळत होतं. एक नाजूक मुलगी आपली गाडी लीलया चालवताना दिसली, तर ती गाडी कोणीही चालवू शकेल असं गिऱ्हाइकाला वाटणारच.

म्हणजे जाहिरात म्हणूनच तिला पुढं केलं गेलं. पण डोरोथी नुसती जाहिरात होऊन राहिली नाही, ही तिची खरी गोष्ट. कंपनीनं तिला पॅरिसला मोटारीच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. तिथं तिनं गाडी कशी बनते, कशी खोलतात, कशी जोडतात, ते सगळं शिकून घेतलं. परत आल्यावर ती इतर बायकांना गाडी शिकवू लागली. तिच्या शिष्यांमध्ये खुद्द राणी अलेक्झांड्रा होत्या, असंही सांगितलं जातं.

हाइड पार्कच्या त्या प्रकरणाच्या महिनाभर आधीच, ऑक्टोबर १९०३ मध्ये, साउथपोर्टच्या वेगाच्या स्पर्धेत तिनं ग्लॅडिएटर गाडी चालवून आपला गट जिंकला होता. त्याच उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये मोटारबोटींची पहिली हार्म्सवर्थ करंडक शर्यत झाली. जिंकलेल्या बोटीवर डोरोथी होती. करंडकावर मात्र नाव कोरलं गेलं बोटीचे मालक म्हणून एजसाहेबांचं. बघा, करंडकावर नाव मालकाचं आणि पोलिसांच्या कागदावर नाव तिचं!

१९०४ मध्ये हेरफर्डला हजार मैलांची चाचणी झाली. डोरोथी डी दिआँ गाडी घेऊन उतरली, मदतीला मेकॅनिक नाही. दिवसाकाठी शेकडो मैल कापायचे आणि बिघाड झाला की स्वतःच बाह्या सरसावून दुरुस्त करायचा. शेवटच्या दिवशी गाडीनं दगा दिला नसता, तर पदक तिचंच होतं. सोबत तिचा डोडो नावाचा छोटासा काळा कुत्रा असायचा. हा डोडो फ्रान्सहून आला होता तो गाडीच्या हत्यारांच्या पेटीत लपून, गुंगीचं औषध देऊन. कायद्याशी डोरोथीचं असं पहिल्यापासूनच जरा सैल नातं! तिची थट्टा करायला बाकीच्या स्पर्धकांनी आपापल्या गाड्यांवर खेळण्यातले कुत्रे बांधले. ती चिडली, रडली नाही. तिनं त्या सगळ्यांना कुत्र्यांची बिस्किटं वाटली.

इकडे रस्त्यावर मोटारवाले आणि पोलीस यांच्यात लपाछपीचा खेळ रंगला होता. पोलीस रस्त्यावर एक फर्लांग, म्हणजे सुमारे २०० मीटर, अंतर मोजून ठेवायचे. दोन्ही टोकांना झुडपाआड माणसं बसायची, हातात घड्याळ. २० मैलांच्या वेगानं हे अंतर कापायला साडेबावीस सेकंद लागतात. त्याच्या आत गाडी गेली, की शिट्टी वाजलीच. ज्यांच्याकडे वेगवान गाड्या, ते अर्थातच श्रीमंत. गाडी ताशी ६० मैल धावणारी आणि कायदा सांगतो २० मैल, म्हणून ही मंडळी कातावलेली. १९०५ मध्ये त्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन नावाची संघटना काढली. तिचे सायकलस्वार रस्त्यावर फिरून, पुढं पोलीस लपलेत, अशी सूचना मोटारवाल्यांना देत. प्रकरण कोर्टात गेलं. अशी सूचना देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा, असा निकाल १९०९-१० मध्ये लागला. मग यांनी शक्कल काढली. एरवी सभासदाची गाडी दिसली की सायकलस्वार सलाम ठोकायचा. ज्या दिवशी सलाम नाही, त्या दिवशी समजायचं, पुढं सापळा आहे! आता सलाम केला नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकणार?

गंमत वाटते खरी, पण पोलिसांचीही बाजू होती. रस्ते मातीचे, धुळीचे. त्यावर गुरं, घोडे, शाळेतून घरी जाणारी पोरं. श्रीमंतांच्या गाड्या धूळ उडवत जायच्या आणि गावकऱ्यांच्या कोंबड्या, कुत्री चाकाखाली यायची. त्यांच्यासाठी तो कायदा ही एकच ढाल होती.

डोरोथी मात्र वेगात पुढेच जात राहिली. १९०५ मध्ये ती लंडनहून लिव्हरपूलला गेली आणि परत आली. दोन दिवसांत ४११ मैल, म्हणजे सुमारे ६६० किलोमीटर. कायद्यातला कमाल वेग न सोडता सतत गाडी चालवली तरी एका बाजूचे दहा तास होतात. एखाद्या बाईनं तोवर केलेला सगळ्यांत लांबचा प्रवास म्हणून त्याचं कौतुक झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रायटनच्या समुद्रकिनारी वेगाची स्पर्धा झाली. तिथं तिनं ८० अश्वशक्तीची नेपिअर ताशी ७९.७५ मैल, म्हणजे जवळजवळ १२८ किलोमीटर वेगानं पळवली आणि बायकांमधला जागतिक विक्रम केला. पुढच्या वर्षी ब्लॅकपूलला तिनं ९० मैलांचा टप्पाही ओलांडला. त्या धावेत बॉनेटचा पुढचा भाग सैल झाला होता. वेळीच गाडी थांबवली नसती तर तो उडून तिच्या मानेवरच आला असता. वर्तमानपत्रांनी तिला पृथ्वीवरची सगळ्यांत वेगवान मुलगी ठरवून टाकलं.

आणि आता ऐका खरी गोम. रस्त्यावर २० मैलांची मर्यादा, मग वेगवान गाड्यांनी धावायचं कुठं? या प्रश्नाचं उत्तर म्हणून १९०७ मध्ये सरे परगण्यात ब्रुकलंड्सचा ट्रॅक उभा राहिला. पावणेतीन मैलांचा, वळणांवर भिंतीसारखा चढत गेलेला. ना पोलीस, ना झुडपं, ना घड्याळाची भीती. ह्यू लॉक किंग यांनी आपल्या जमिनीवर तो बांधायला घेतला. खर्च हाताबाहेर गेला, साहेब खचले, तेव्हा काम पुरं करून घेतलं ते त्यांच्या पत्नी एथेल यांनी. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांत पुढची गाडीही एथेलनीच चालवली.

डोरोथीनं शर्यतीसाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. कारण? ती बाई होती. शर्यतीचे नियम घोड्यांच्या शर्यतीवरून उचललेले आणि घोड्यांच्या शर्यतीत बायका जॉकी नसतात, म्हणून इथंही नाहीत! ट्रॅक बाईनं पुरा करून घेतला, उद्घाटनाला गाडी बाईनं चालवली, पण शर्यतीत बाईला जागा नाही. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, मंडळी जरा नरमली आणि बायकांची वेगळी शर्यत झाली. बक्षीस काय, तर ब्रेसलेट.

मैत्रिणींनो, इथं मला सारखं वाटत राहतं, की त्या काळात डोरोथीला पुरुषांच्या बरोबरीनं वागवलं कोणी? करंडकानं नाही, क्लबांनी नाही, ट्रॅकनं तर नाहीच. वागवलं ते हाइड पार्कच्या पोलिसांनी. चूक केलीस, भर दंड. बाई म्हणून माफी नाही आणि बाई म्हणून बंदीही नाही. ज्या कायद्यावर ती चिडली, त्याच कायद्यापुढं ती बरोबरीची होती. आणि जिथं वेगाला पूर्ण मोकळीक होती, तिथं तिच्यासाठी दार बंद होतं.

दार बंद झालं म्हणून ती घरी बसली नाही. जर्मनीत जाऊन तिनं मोठमोठ्या चाचण्यांत भाग घेतला. १९०९ मध्ये तिचं पुस्तक आलं, द वुमन अँड द कार. घरात ताई धाकटीला समजावून सांगते ना, तशा भाषेत ते लिहिलं आहे. गाडी कशी सुरू करायची, तेलपाणी कसं बघायचं, बिघाड कुठं शोधायचा. धुळीपासून वाचायला कोणता कोट घालायचा. सीटखालच्या कप्प्यात हातमोजे, पिना आणि चॉकलेट ठेवायचं. एकटीनं प्रवास करायचा तर जवळ पिस्तूलही असू द्यावं! रस्त्यावर इतरांशी कसं वागावं, यावरही तिनं स्वतंत्रपणे लिहिलं. पाच पौंडांचा धडा वाया गेला नव्हता म्हणायचा. आणि एक साधी युक्ती तिनं सांगितली. छोटा हातआरसा गाडी चालवताना हाताशी ठेवा. केस नीट करायला नव्हे, तर मधूनमधून उचलून मागून कोण येतंय ते बघायला. गाड्यांना असे आरसे सर्रास बसू लागले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

१९१० च्या सुमारास ती विमान चालवायला शिकत होती. आणि मग हळूहळू तिचं नाव छापून यायचं थांबलं. लग्न केलं नव्हतं. १७ मे १९२२ रोजी लंडनमधल्या राहत्या घरी ती बिछान्यात मृतावस्थेत सापडली. हृदयविकार होता, गोवर झाला होता आणि वेदनेसाठी घेतलेलं मॉर्फिन जास्त झालं. चौकशीत अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. वय अवघं चाळीस. मागं राहिले दोनशे-सव्वादोनशे पौंड, ते बहिणीला मिळाले.

ज्या २० मैलांच्या मर्यादेवरून एवढं रामायण झालं, ती १९३० च्या कायद्यानं मोटारींसाठी रद्द झाली. अपघात वाढले, तेव्हा १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ३० मैलांची मर्यादा परत आली आणि नव्या ड्रायव्हरांना परीक्षाही सक्तीची झाली. वेगाला लगाम हवा, हे शेवटी सगळ्यांनाच पटलं. आज आपल्याकडे वेग मोजायला रस्त्यावर कॅमेरे आले आहेत. त्यांना समोर बाई आहे की पुरुष, याच्याशी देणंघेणं नसतं. नंबर दिसला की चलन घरी. तसं कधी आलं तर गुपचूप भरावं. आणि पुन्हा गाडीत बसल्यावर आरसा नीट करताना डोरोथीची एकदा आठवण काढावी.