शाळेत न गेलेले शिक्षणमंत्री

आय.आय.टी.ची स्वप्नं पाहून बुलढाणा जिल्ह्यातल्या होस्टेलवर पोचलेले आपल्यात बरेच आहेत. पण खरगपूरच्या पहिल्या आय.आय.टी.चं १९५१ साली उद्घाटन करणारे शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद कधी शाळेतच गेले नव्हते!

१८८८ साली मक्केत जन्म. कोलकात्यात घरीच अरबी, फारसी आणि धर्मशास्त्राचं शिक्षण. वडील धर्मगुरू. मुलानं मात्र १९१२ मध्ये 'अल-हिलाल' साप्ताहिक काढून इंग्रजांशी वैर पत्करलं. मग नजरकैद, आणि १९२३ मध्ये पस्तिशीच्या आतच काँग्रेसचं अध्यक्षपद.

१९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात डांबलं. तिकडे कोलकात्यात पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ झाल्या. तरी मौलानांनी सरकारपुढे हात पसरले नाहीत. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या. शेवटची भेट झालीच नाही. याच किल्ल्यात लिहिलेली त्यांची पत्रं पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावानं छापली गेली.

एवढं सोसून शेवटी देशाचे दोन तुकडे झालेच. फाळणीला विरोध केला म्हणून लीगवाल्यांनी त्यांना हिणवलं होतं. तरीही ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत उभं राहून त्यांनी घाबरलेल्या मुसलमानांना इथेच राहा, असं कळकळीनं सांगितलं.

१९५८ साली निधन होईपर्यंत ते शिक्षणमंत्री होते. यू.जी.सी. त्यांच्याच काळातली. २००८ पासून ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय शिक्षण दिन असतो. देश जोडलेला ठेवता आला नाही, तेव्हा हा माणूस रुसून बसला नाही. उरलेला देश शिकवायला लागला. एखादा पेपर राहिला की आपण मात्र आठवडाभर तोंड पाडून बसतो!