लहरी पकडणारा माणूस : आचार्य जगदीशचंद्र बोस

एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून गाडी चालवणारा माणूस मशीनने पकडता येईल का? मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने हा विषय घेतला आणि मी लायब्ररीत वाचायला बसले. ॲन्टेना, डिटेक्टर, मिलिमीटर वेव्ह... काहीही वाचायला घेतलं तरी इतिहासात मागे जाता जाता एकच नाव समोर यायचं, आचार्य जगदीशचंद्र बोस! माझ्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात रेडिओ म्हणजे मार्कोनी, आणि बोस म्हणजे झाडांना संवेदना असते हे दाखवणारे शास्त्रज्ञ, एवढंच होतं. म्हणून त्यांची पूर्ण गोष्ट सांगावीशी वाटली.

बोसांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधल्या मैमनसिंग इथे झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी डेप्युटी मॅजिस्ट्रेट. साहेबाचा मुलगा म्हणजे इंग्रजी शाळेत जाणार, असाच तो काळ होता. पण वडिलांनी त्याला आधी बंगाली पाठशाळेत घातलं. मुलाला आपली भाषा आणि आपली माणसं आधी कळली पाहिजेत, असं त्यांचं मत होतं. वर्गात बोसांच्या एका बाजूला वडिलांच्या मुस्लिम चपराशाचा मुलगा बसायचा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पशुपक्ष्यांच्या आणि पाण्यातल्या जीवांच्या गोष्टी त्यांनी या मित्रांकडून ऐकल्या. निसर्गाची ओढ तिथेच लागली. केजीपासून इंग्रजीत शिकलेल्या माझ्यासारखीला हे वाचून जरा विचारात पडायला होतं!

पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांनी त्यांना फिजिक्सची गोडी लावली. १८८० मध्ये बोस डॉक्टर व्हायला लंडनला गेले. पण तापाने पाठ सोडली नाही आणि डिसेक्शनच्या खोलीतला वास सोसेना. शेवटी मेडिकल सोडून ते केंब्रिजला गेले. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू मिळाले. म्हणजे ब्रँच बदलणारे आपण पहिले नाही बरं का!

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रोफेसर झाले. काम इंग्रज प्रोफेसरांइतकंच, पगार मात्र भारतीय म्हणून कमी. बोसांनी ना भांडण केलं ना राजीनामा दिला. ते रोज शिकवायला जायचे आणि पगार घ्यायचे नाहीत. असं एक-दोन महिने नव्हे, तब्बल तीन वर्षं! वडिलांच्या डोक्यावर कर्ज होतं, १८८७ मध्ये लग्नही झालं होतं. शेवटी कॉलेजनेच हार मानली आणि पूर्ण पगार मागच्या थकबाकीसह दिला.

लॅबोरेटरी तर नव्हतीच. बाथरूमला लागून असलेल्या एका छोट्या खोलीत, टीनकाम करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून, त्यांनी आपली उपकरणं बनवून घेतली. जर्मनीत हर्ट्झने विद्युत चुंबकीय लहरी निर्माण करून दाखवल्या होत्या, पण त्या लांबलचक होत्या. बोसांनी ही लांबी सुमारे ५ मिलिमीटरवर आणली. आपल्या भाषेत सांगायचं तर ६० गिगाहर्ट्झ. १८९५ च्या सुमारास त्यांनी कोलकात्यात जाहीर प्रयोग करून दाखवला. मधे तार नाही, काही नाही, आणि भिंतीपलीकडे घंटा वाजली, बंदुकीची दारू पेटली! मधे दोन भिंती असताना २३ मीटरवर त्यांनी ही लहर पकडली. हा २३ मीटरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लहर सोडणं एक वेळ सोपं, पकडणं कठीण. बोसांची खरी कमाल डिटेक्टरमध्ये होती. शिशाच्या खनिजाचा, म्हणजे गॅलेनाचा, स्फटिक वापरून त्यांनी जो डिटेक्टर केला, त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. तेही सारा बुल या स्नेही बाईंनी फारच आग्रह केला म्हणून. स्वतः बोसांना ज्ञान विकणं मान्य नव्हतं. ते पेटंट त्यांनी तसंच संपू दिलं. मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश पकडायला जो डिटेक्टर वापरला, त्याची रचना बोसांनी १८९९ मध्येच प्रसिद्ध केली होती, अशी मांडणी १९९८ मध्ये आयईईईच्या जर्नलमध्ये झाली. २०१२ मध्ये आयईईईने प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या या कामाला मैलाचा दगड म्हणून मान दिला.

यानंतर बोस वनस्पतींकडे वळले. अनेकांना वाटतं की त्यांनी फिजिक्स सोडलं. मला तसं वाटत नाही. आधी ते धातूचा प्रतिसाद मोजत होते, मग झाडाचा मोजू लागले. लाजाळूला स्पर्श झाला की पान मिटतं. पण स्पर्श होणं आणि पान हलायला लागणं, यांच्यामध्ये एक छोटासा उशीर असतो. तो सेकंदाच्या बारीक अंशापर्यंत मोजणारं यंत्र त्यांनी बनवलं. रोप थकलेलं असलं की हा उशीर वाढतो, हेही दिसलं. माणसाने मोजलं तर लोक शंका घेतील, म्हणून रोपाने आपली नोंद आपणच काचेवर काढावी अशी त्यांनी सोय केली. पुरावा कसा असावा, याचा हा धडाच आहे.

१९१७ मध्ये ते सर झाले. त्याच वर्षी आपल्या वाढदिवशी त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केलं. १९२० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीहला त्यांचं निधन झालं.

आता तुम्ही म्हणाल, यात मोबाईलवाला ड्रायव्हर कुठे आला? सांगते. त्याला पकडायच्या दोन पद्धती आहेत. पहिली सरळ बोसांच्या वाटेची. मोबाईलमधून निघणारी लहर पकडायची. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये २०१८ मध्ये असे बोर्ड रस्त्यालगत लावले. गाडीतून फोनचा सिग्नल आला की बोर्डावर इशारा चमकतो. पण फोन ड्रायव्हरच्या हातात आहे की मागे बसलेल्या काकूंच्या, हे लहरीला कुठे माहीत? आपल्या एसटीत तर पन्नास फोन! म्हणून त्या बोर्डाने दंड होत नाही, फक्त सावध केलं जातं.

दुसरी पद्धत कॅमेऱ्याची. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने डिसेंबर २०१९ पासून असे कॅमेरे लावले. ते काचेतून ड्रायव्हरच्या हाताचा फोटो घेतात, कॉम्प्युटर संशयाचे फोटो वेगळे काढतो आणि शेवटी माणूस तपासतो. आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा हे काम करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैदही आहे. बोसांच्या लाजाळूसारखा इथे ड्रायव्हर आपली नोंद आपणच काढतो, म्हणा ना!

पण माझं गाव चोरखमारा. तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटाजवळ. जंगलाच्या रस्त्याला एक्स्प्रेसवेसारखे कॅमेरे कुठून येणार? तिथे रेंज जाते आणि बाहेर पडताना एकदम परत येते. सगळे मेसेज टिंग टिंग करत एकदाच येतात, आणि नेमकी तेव्हाच ड्रायव्हरची नजर खाली जाते. तेवढ्यात समोरून चितळ आलं तर? सायकलवर शाळेतून येणारी पोरगी आली तर? ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात कारच्या धडकेने वाघ मेला, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला हळहळ वाटली. जंगलातला प्राणी हॉर्न वाजवून येत नाही हो.

ताशी ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. बोसांची लहर दोन भिंती ओलांडून जवळपास तेवढंच अंतर गेली होती. तेवढंच अंतर आपण स्क्रीनकडे बघत, आंधळ्यासारखं काटतो. लाजाळूचा सेकंदाच्या अंशाचा उशीर ज्या माणसाने मोजला, त्याला आपला हा अख्खा सेकंद काय वाटला असता?

आम्ही प्रोजेक्ट करणारच आहोत. लहर पकडणारं सर्किट आणि सावध करणारा दिवा, एवढंच. पकडायला नव्हे, जागं करायला. खिशातला फोन हा एका अर्थाने बोसांच्याच विद्येचा वारसा आहे. त्यांनी त्याची किंमत मागितली नाही. मित्रांनो, आपण निदान गाडी बाजूला घेऊन, थांबवून बोललो, तर तीच त्यांना खरी आदरांजली होईल!