बेटाचा धनी कोण? : न्यायवेत्ते माक्स हुबर

सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस जुन्या कागदाचे मोल आणि त्याची मर्यादा, दोन्ही ठाऊक असतात. म्हणूनच स्वित्झर्लंडचे न्यायवेत्ते माक्स हुबर यांच्याविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो.

हुबर यांचा जन्म झुरिच येथे २८ डिसेंबर १८७४ रोजी झाला. १९०२ पासून ते तेथील विद्यापीठात प्राध्यापक होते. ऑलँड बेटांचा फिनलंड-स्वीडन वाद १९२० मध्ये राष्ट्रसंघापुढे आला, तेव्हा नेमलेल्या तीन कायदेपंडितांत त्यांची गणना झाली. पुढे हेगच्या कायम आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे ते न्यायाधीश व १९२५ ते १९२७ अध्यक्ष होते.

त्यांची कीर्ती मुख्यतः पाल्मास ऊर्फ मियांगास बेटाच्या निवाड्यामुळे. मिंदानाओच्या आग्नेयेस असलेले हे बेट जेमतेम दोन मैल लांब. तेव्हाची वस्ती साडेसातशेच्या आत. १८९८ च्या पॅरिस तहान्वये स्पेनने फिलिपाइन्स अमेरिकेस दिले. तहातील सीमारेषेच्या आत हे बेटही येत होते. परंतु १९०६ साली अमेरिकन जनरल लेनर्ड वुड तेथे उतरले, तो डच निशाण फडकत होते! दीर्घ पत्रव्यवहारानंतर १९२५ मध्ये लवादाचा करार झाला आणि हुबर एकमेव लवाद झाले.

अमेरिकेची भिस्त स्पॅनिश शोधावर, नकाशांवर व बेटाच्या सान्निध्यावर होती. डचांपाशी १६७७ पासून त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने स्थानिक राजांशी केलेले करार होते. हुबर यांनी सारे कागद पारखले आणि ४ एप्रिल १९२८ रोजी बेट डचांचे ठरविले. केवळ शोधाने हक्क अपुराच राहतो. तो पूर्ण होतो उघड, शांततामय व अखंड कारभाराने. शिवाय स्पेनपाशी जे नव्हते, ते स्पेन देणार कोठून?

त्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे अध्यक्ष झाले व १९४४ पर्यंत राहिले. ज्यूंच्या संहाराविरुद्ध समितीने जाहीर आवाज उठविला नाही, हा ठपका त्या कारकिर्दीवर आहेच. १ जानेवारी १९६० रोजी ते निवर्तले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी हेग येथेच पेशव्यांचे कागद पारखले गेले. दादरा-नगरहवेलीच्या वादात १७७९ च्या पुणे तहाने मराठ्यांनी पोर्तुगीजांस महसूल दिला, सार्वभौमत्व नव्हे, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मानले.

परप्रांती पन्नास वर्षे मंडळ चालविणाऱ्या आम्हां मराठी जनांस हुबर यांचा निवाडा मनोमन पटतो. वारसा सांगून भागत नाही. तो रोज नांदवावा लागतो.