देवळालीचा अंकांचा खेळिया

पटावरचे खेळ घरगुती संगणकात शिरू लागले ते १९७६ च्या सुमारास. पीटर जेनिंग्ज यांचा ‘मायक्रोचेस’ हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम जेमतेम एक किलोबाइट जागेत मावे. ज्या यंत्रासाठी तो लिहिला त्याला पडदाही नव्हता. चाली नुसत्या आकड्यांत उमटत, पट आपला आपण मांडायचा. नाशिकजवळच्या देवळालीत मात्र एका शाळामास्तरांनी असा निव्वळ आकड्यांचा, भिडूवाचूनचा खेळ तीस वर्षे आधीच मांडला होता.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. कारकून वडिलांना ज्योतिषाचा नाद. त्या आकडेमोडीतून मुलाला गणिताची गोडी लागली. फर्गसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पदवीनंतर १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षकी. आम्ही बँकेत खतावण्यांच्या बेरजा हाताने मारल्या, पण त्यात कुणाला आनंद झाल्याचे स्मरत नाही. कापरेकरांना होई! डेमलो, म्हणजे आपल्या डोंबिवली, स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ हेच नाव देऊन टाकले.

१९४६ साली त्यांना ६१७४ सापडला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे तेवढे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराचे पुन्हा तेच. त्यांचे जन्मसालच पाहा: १९०५ वरून ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. सात पावले. याहून जास्त कधीच लागत नाहीत, आणि ६१७४ च्या घरातून सुटका नाही.

विद्वानांनी याला पोरखेळ ठरवले. पाठीशी विद्यापीठ नाही, मोठी पदवी नाही. पुस्तिका पदरमोड करून छापायच्या. १९६६ साली पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, आणि सत्तरीतल्या मास्तरांचे नाव जगभर गेले. पाठोपाठ घरगुती संगणक आले. बुद्धिबळ शिकवताना यंत्राला डावपेच शिकवावे लागत. इथे अंक लावा, वजा करा, परत फिरा! बेसिक शिकणाऱ्या पोरासोरांना चार ओळींत जमणारा खेळ आयता मिळाला. सगळ्या ८,९९१ संख्या यंत्र न कंटाळता तपासून दाखवी.

कापरेकर १९८६ साली देवळालीतच वारले. नाशिकच्या घरांत तेव्हा संगणक पोहोचला नव्हता.