गाठीतला जिवाणू शोधणारे बायेरिंक

तुरीचे किंवा भुईमुगाचे झाड अलगद उपटले की मुळांवर बारीक गाठी दिसतात. दीडशे वर्षांपूर्वी पुष्कळ जाणकार त्यांना रोगच समजत. त्या गाठीतला जिवाणू १८८८ साली प्रथम वेगळा काढून वाढवला तो हॉलंडच्या मार्टिनस बायेरिंक यांनी. आपण बियाण्याला चोळतो ते रायझोबियम याच कुळातले.

बायेरिंक यांचा जन्म १८५१ चा, ॲम्स्टरडॅमचा. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाला आणि त्यांना रेल्वेत कारकुनी धरावी लागली. ओढाताणीतही मुलगा शिकला. झाडांवर येणाऱ्या गाठींचाच अभ्यास करून १८७७ मध्ये डॉक्टर झाला. पुढे वागेनिंगेनच्या शेतकी शाळेत शिकवले आणि १८८५ पासून डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरी केली. द्विदल पिके हवेतले नत्र वापरतात हे जर्मनीच्या हेलरीगेल व विलफार्थ यांनी तेव्हा नुकतेच दाखवले होते. ते काम करणारा कारागीर बायेरिंक यांनी हुडकला.

१८९५ मध्ये ते डेल्फ्टलाच प्राध्यापक झाले. स्वभाव फटकळ, लग्न केले नाही. सारा जीव प्रयोगात. १९०१ साली त्यांनी नत्र नसलेल्या पोषक पाण्यात बागेतली माती टाकली. हवेतून नत्र घेता येणाराच त्यात वाढणार, ही युक्ती. असा ॲझोटोबॅक्टर हाती आला. १९३१ मध्ये ते वारले.

त्यांच्या हयातीतच, १९१३ साली, जर्मनीत हवेतल्या नत्रापासून अमोनिया करणारा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. त्याला प्रचंड दाब आणि चार-पाचशे अंश उष्णता लागते. युरिया याच वाटेने येतो, आणि आपल्याकडे त्यासाठी लागणारा बराच वायू परदेशातून आणावा लागतो. जिवाणू तेच काम मातीत गुपचूप करतात.

अर्थात पाकिटाने सगळेच भागत नाही. ॲझोटोबॅक्टर थोडेच नत्र देतो. ज्वारी-कापसाला वरखत लागतेच. कडधान्यात मात्र मोठी बचत आहे. जास्त युरिया टाकला तर गाठीच कमी धरतात. पाकीट त्या-त्या पिकाचेच घ्यावे, बुरशीनाशक आधी व जिवाणू नंतर लावावेत, बियाणे सावलीत सुकवावे. पीक फुलोऱ्यावर येताना एक गाठ चिरून बघा. आत लालसर असेल तर काम चालू आहे असे समजा.