डिझेलचे कोडे रॉकेलच्या दिव्यापाशी सोडविणारे अमूल्य रेड्डी

कारवारपासून मंगळूरपर्यंतच्या किनाऱ्यावर लहान होडीच्या मागच्या बाजूस लटकणारे आउटबोर्ड इंजिन अनेक वर्षे एका ठरावीक रीतीने चालविले जात आले आहे. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे आणि ते तापले की रॉकेलवर आणायचे. मोठ्या ट्रॉलरांना डिझेल लागते, लहान होडीवाल्यांना रॉकेल. त्यामुळे रॉकेलचा कोटा किती मिळणार, हा या होडीवाल्यांच्या दृष्टीने हवामानाइतकाच महत्त्वाचा प्रश्न राहिला. हेच रॉकेल दूर डोंगरपट्ट्यातील झोपडीत दिव्यासाठी जळत होते आणि त्याच दिव्याच्या आधारे देशातील डिझेलचा भाव ठरत होता. हा संबंध स्पष्टपणे दाखवून देणारे शास्त्रज्ञ किनाऱ्यावरचे नव्हते आणि तेल उद्योगातलेही नव्हते. ते बंगळूरचे एक रसायनशास्त्रज्ञ होते.

डॉ. अमूल्य कुमार नारायण रेड्डी यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९३० रोजी बंगळूर येथे झाला. तेथील सेंट्रल कॉलेजमध्ये रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये दाखल झाले व १९५८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. विद्युत्-रसायनशास्त्र हा त्यांचा विषय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन बॉक्रिस यांच्यासमवेत त्यांनी काम केले आणि या दोघांनी लिहिलेला विद्युत्-रसायनशास्त्रावरील ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. जगभरच्या विद्यापीठांत तो पाठ्यग्रंथ म्हणून वापरला गेला. १९६६ पासून रेड्डी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन करीत होते. याच वाटेने पुढे जाणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ती वाट सोडली.

१९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. आयात तेलावर विसंबलेल्या भारताला त्याचा मोठा फटका बसला. देशातील उत्तम प्रयोगशाळा कोणासाठी काम करतात, हा प्रश्न रेड्डी यांच्या मनात आधीपासूनच घोळत होता. १९७४ साली त्यांनी विज्ञान संस्थेत ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञान वापरणारे केंद्र सुरू केले. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘अस्त्र’ हा शब्द झाला आणि तो अर्थातच योगायोग नव्हता. चुली आणि शेण हे विषय अशा नामवंत संस्थेला शोभणारे नाहीत, असे काही सहकाऱ्यांना वाटत असे. कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचे सचिवपदही त्यांनी याच काळात सांभाळले.

अस्त्रचे काम तुमकूर जिल्ह्याच्या कुणिगल तालुक्यातील उंग्रा गावी सुरू झाले. तेथे रेड्डी यांनी प्रथम कोणतेही यंत्र नेले नाही. परिसरातील सहा गावांत कोणते इंधन किती व कशासाठी खर्च होते, याची घरोघर मोजदाद करण्यात आली. त्यांपैकी पुरा या गावात १९७७ साली ५६ कुटुंबे व ३५७ माणसे होती. लाकूड किती जळते, ते आणायला कोण जाते, पाणी कोण भरते, बैल किती तास राबतात, हे सारे नोंदविले गेले. गावाच्या ऊर्जेपैकी सुमारे नऊ दशांश भाग लाकडाचा निघाला. बायका-मुलांची पायपीटही हिशेबात ऊर्जा म्हणून धरली गेली. तोवरच्या सरकारी तक्त्यांत तिला कोठेच स्थान नव्हते. रॉकेलचा वाटा जेमतेम दोन टक्के होता आणि ते मुख्यतः दिव्यासाठी जळत होते.

हा दोन टक्क्यांचा आकडा दुर्लक्षून पुढे जाणे सोपे होते. रेड्डी मात्र तेथेच थांबले.

रॉकेल आणि डिझेल ही कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनात लागोपाठ मिळणारी भावंडे आहेत. रॉकेल साधारण दीडशे ते तीनशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळते, तर डिझेलची कक्षा त्याहून थोडी वर सुरू होऊन साडेतीनशेच्या पुढे जाते. मधला पट्टा दोघांत सामाईक आहे. त्यामुळे रॉकेल डिझेलमध्ये मिसळले तरी इंजिन लगेच तक्रार करीत नाही. वंगणाचा गुण कमी झाल्याने पंप व नोझल झिजतात, पण ते नंतर कळते. रॉकेल डिझेलपेक्षा फार स्वस्त ठेवले तर ते शिधावाटप दुकानातून परस्पर ट्रकच्या टाकीत जाते. स्वस्त रॉकेलला निळा रंग देण्याची पद्धत या भेसळीला आळा घालण्यासाठीच आली.

रेड्डी यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मांडलेले गणित असे होते. खेड्यातील गरिबाला वीज मिळत नाही म्हणून तो रॉकेलचा दिवा लावतो. त्याच्यासाठी सरकार रॉकेल स्वस्त ठेवते. रॉकेल स्वस्त म्हणून, भेसळ टाळण्यासाठी, डिझेलही फार महाग करता येत नाही. डिझेल स्वस्त म्हणून रेल्वेने जाऊ शकणारा माल लांब पल्ल्याच्या ट्रकांनी जातो आणि डिझेलची मागणी वाढतच राहते. तेल शुद्धीकरणाचे प्रकल्पही मग याच मधल्या पट्ट्यासाठी चालवावे लागतात. म्हणजे तेलाच्या आयातीचा प्रश्न सोडवायचा तर सुरुवात ट्रकपासून करून भागणार नाही. ती झोपडीतल्या दिव्यापासून करावी लागेल. प्रत्येक घराला विजेचा दिवा द्या, स्वयंपाकासाठी दुसरे इंधन द्या, रॉकेलवरील अवलंबन संपले की डिझेलचा खरा भाव लावता येईल व लांबचा माल रेल्वेकडे वळविता येईल, अशी ही मांडणी होती. गरिबाला प्रकाश देणे हा खर्च नसून तेलाची बचत आहे, हा त्यातील मुद्दा दिल्लीतील नियोजनकारांना नवा होता.

हा विचार जमिनीवर उतरतो का, हे पुरा गावात पाहिले गेले. शेणापासून गॅस करून घरोघर चुलीसाठी द्यावा, हा पहिला बेत फसला. सर्वांचा स्वयंपाक होईल इतके शेण गावात नव्हते आणि लाकूड वेचून आणायला पैसे पडत नव्हते. गावाची पहिली गरज पिण्याच्या स्वच्छ पाण्याची होती. संशोधकांनी ती उशिरा ऐकली, पण ऐकली. १९८७ पासून गॅस चुलीऐवजी इंजिनाला देण्यात आला. त्यावर चालणाऱ्या लहान जनित्राने कूपनलिकेचे पाणी वर येऊ लागले व घरांत नळीदिवे लागले. गावात विजेची तार आधीच पोहोचली होती, तरी बऱ्याच घरांत तोवर रॉकेलचाच दिवा होता.

येथे इंधन व इंजिन यांचे नाते समजून घेण्यासारखे आहे. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापविली जाते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. शेणगॅस अशा दाबाने सहजी पेटत नाही. म्हणून हवेबरोबर गॅस आत घेऊन थोडे डिझेल फवारले जाते व त्या डिझेलच्या ज्वालेने गॅस पेटतो. गॅस कमी पडला तर तेच इंजिन निव्वळ डिझेलवर चालते. होडीच्या रॉकेलवाल्या इंजिनाची गोष्ट उलट आहे. त्यात ठिणगीचा प्लग असतो. थंड इंजिनात रॉकेलची पुरेशी वाफ होत नाही, म्हणून ते पेट्रोलवर सुरू करावे लागते. त्यात डिझेल घालून काम भागत नाही. एका इंधनाच्या जागी दुसरे आणताना भावाचा हिशेब नंतर येतो, पेटण्याची रीत आधी पाहावी लागते.

पुरातील व्यवस्था गावाच्या समितीने चालविली. शेण देणाऱ्यांना अल्प मोबदला मिळे, गाळ खत म्हणून परत मिळे, पाणी व दिव्यासाठी घरटी वर्गणी घेतली जाई. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चालले व मग थांबले. त्याच्या यशाइतकेच त्याच्या बंद पडण्याचेही विवेचन रेड्डी यांनी पुढे केले. आपल्या प्रयोगाचा शेवट इतक्या बारकाईने लिहिणारे संशोधक विरळाच.

१९८८ साली ब्राझीलचे होसे गोल्डेम्बर्ग, स्वीडनचे थॉमस योहान्सन व अमेरिकेचे रॉबर्ट विल्यम्स यांच्यासह त्यांनी शाश्वत ऊर्जेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या चौघांना २००० सालचा व्होल्वो पर्यावरण पुरस्कार देण्यात आला. १९९१ मध्ये रेड्डी यांनी बंगळूर येथे आंतरराष्ट्रीय ऊर्जा उपक्रम ही संस्था स्थापन केली. माणसाला किलोवॉट नव्हे तर प्रकाश, पाणी व शिजलेले अन्न हवे असते, या भूमिकेतून त्यांनी कर्नाटकच्या वीज नियोजनाचे पर्यायी आराखडे तयार केले. अणुऊर्जेवरील त्यांची टीका अनेकांना रुचली नाही. ७ मे २००६ रोजी बंगळूर येथे वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. २०१६ पासून शिधावाटपातील रॉकेलचे दर टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आले, घरोघर वीज जोडण्याची मोहीमही हाती घेण्यात आली. दिव्याचे रॉकेल मागे पडले, पण होडीचे राहिले. घरातील दिव्याला तार जोडता येते, समुद्रातील इंजिनाला नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात कर्नाटक शासनाने लहान होड्यांची रॉकेलची इंजिने बदलून पेट्रोल वा डिझेलची बसविण्यासाठी साह्य जाहीर केले.